बंद दारातून आलेली ओ

आमच्या गावात रोज दिवस मावळताना कोण कोण जिवंत आहे ते आधी बघतात आणि मगच चूल पेटवतात. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. माझ्या नवऱ्यालाही वाटली होती. तो जन्मल्यापासून शहरातला. गाव म्हणजे थंडीत हुरडा खायला जायची जागा, एवढीच त्याची समजूत. मी त्याला म्हटलं, एकदा दिवाळीनंतर माझ्याबरोबर दोन दिवस येऊन राहा आणि मग हस. तो काही आला नाही.

गाव कर्जत तालुक्यातलं, कोरड्या अंगाचं. नगरचं अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या, पण आमच्या गावाचा फाटा होता तसाच आहे. जमीन बहुतेकांना आहे, पाणी कोणालाच नाही. त्यामुळे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पांघरुणं, कोंबड्या, कोयते आणि माणसं, सगळं एकावर एक. माझा भाऊ आणि वहिनीही जातात, एखाद्या वर्षी श्रीगोंद्याकडे, एखाद्या वर्षी पार कर्नाटकात. पोरं एक तर बरोबर जातात, नाहीतर वसतिगृहात. कुत्रीसुद्धा ट्रॉलीमागे पळत सुटतात. मागे उरतात ती ज्यांच्या हातून कोयता सुटला ती माणसं, म्हणजे म्हातारी.

गल्लीतून चाललं की दारामागून दार कुलूप. काही कुलपांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्याने बांधलेली असते, गंज धरू नये म्हणून. दुपारी इतकं शांत असतं की एखाद्या घरातलं घड्याळ बाहेर रस्त्यावर ऐकू येतं. माणसं उसात, दाराला कुलूप आणि आत घड्याळ चालू. मला भुताखेताची भीती कधी वाटली नाही, पण त्या घड्याळाची वाटते.

एका हिवाळ्यात एक म्हातारा घरातच मेला आणि वास सुटेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून ही सांजेची हाळी सुरू झाली. मारुतीच्या देवळाजवळची म्हातारी शेजारच्या घराकडे तोंड करून ओरडते, ‘हाय का?’ असं तीनदा ओरडायचं. दिवेलागणीला एकदाच आलेल्या हाकेला आमच्याकडे ओ देत नाहीत. ती हाक कोणाची असेल सांगता येत नाही म्हणतात. तिसऱ्या हाकेला समोरून ‘ओ, हाय!’ असं उत्तर येतं. मग तो माणूस पुढच्या घराला विचारतो. असं करत करत हाळी ओढ्याकडच्या शेवटच्या घरापर्यंत जाते. हाळीत दुसरं काही बोलायचं नाही, हा नियम. नाहीतर म्हाताऱ्यांचं बोलणं, ते कधी संपणार? गुडघे, सुना, रेशन, सगळं निघायचं आणि पुढची माणसं अंधारात खोळंबायची.

मी आईला विचारलं होतं, ‘सगळ्यांकडे मोबाईल आहेत ना? मग घसे कशाला फोडता?’

ती म्हणाली, ‘मोबाईलवर कोन कुटूनबी हाय म्हनंल. दारातून म्हनलं की ते खरं.’

त्या वर्षी मी नाताळच्या सुट्टीत गेले होते. मी नगरला सावेडीतल्या एका शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्ट्या मिळतात आणि त्या आईशी भांडण्यात जातात. विषय एकच. मी म्हणायचे, माझ्याकडे चल. ती म्हणायची, लेकीच्या दारात राहिले तर लोक माझ्या पोराच्या तोंडात शेण घालतील. पोरगा तिकडे उसाच्या फडात पालाखाली झोपतो, त्याच्या तोंडात काय घालायचं ते लोकांनी नंतर बघावं, असं मी म्हटलं की ती तोंड फिरवून बसायची.

त्या दिवशीही असंच भांडण झालं होतं आणि मी तणतणत मागे शेळीला पाला टाकायला गेले होते. उजेड कमी झाला होता. देवळाकडून हाळी सुरू झाली. एक आवाज, मग शांतता, मग जरा जवळून दुसरा आवाज. तो पुढे सरकत येताना ऐकलं की मधल्या शांततेत आपणही श्वास रोखून धरतो. आमच्या अलीकडच्या घरातले नाना, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, त्यांनी ओ दिली आणि आमच्या घराकडे हाळी टाकली. आई आधी खाकरली, मग तिने तिच्या सवयीने लांबण लावून म्हटलं, ‘ओऽऽ, हाय हाय!’ नंतर तिने पुढच्या घराला विचारलं, ‘हाय का?’ तीनदा.

पुढचं घर माझ्या चुलतीचं. काकू श्रावणात गेली होती. मुलगा-सून टोळीबरोबर. मी काकूच्या दहाव्याला येऊन गेले होते, त्या घराला लावलेलं कुलूप मी दुपारीच पाहिलं होतं.

थोडा वेळ काहीच नाही. आणि मग काकूच्या दारातून काकू बोलली. ‘ओ गं बाई, हाय. कुटं जातीय मी!’

तेच शब्द, तोच त्रासिक हेल. काकू जन्मभर असंच बोलली. माझ्या हातातला पाला खाली पडला आणि शेळीने तो चपलांवरूनच खायला सुरुवात केली. पाय उचलून घरात जावं एवढंही मला सुचलं नाही. तोवर काकूच्याच आवाजात ओढ्याकडे हाळी गेली, तिकडच्या म्हातारीने ओ दिली, आणि गावात दोनचार ठिकाणी धूर निघाला.

मी पुढच्या अंगणात आले तेव्हा आई काकूच्या ओट्यावरून काठी टेकत टेकत परत येत होती. पदर नीट केला आणि म्हणाली, ‘च्या टाक.’

‘आई, ते तू बोललीस?’

‘मंग कोन बोलंल? आपल्या दारातनं वड्यापतुर आवाज पोचत न्हाई. मधी घर मोकळं पडलं की हाळी तुटती.’

‘मग तुझ्या आवाजात बोल ना! काकूसारखं कशाला बोलायचं?’

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गातल्या ढ मुलाकडे बघते. ‘तिच्या दारातनं माजा आवाज कसा निगंल?’

पुढचे दोन दिवस मी हाळीच्या वेळी गल्लीत हिंडून बघितलं. ऐकताना वाटायचं, गाव निम्मं तरी भरलेलं आहे. बघितलं तर मोजकी म्हातारी माणसं या ओट्यावरून त्या ओट्यावर लगबगीने चाललेली. देवळाजवळची म्हातारी दोन घरांची ओ द्यायची. पलीकडचा एकजण त्याच्या मेलेल्या भावाची द्यायचा आणि भाऊ तोतरा होता म्हणून तोतरा बोलायचा. हसू यायला हवं होतं. मला मात्र रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. कोणावर काढायचा तो राग? पोरं गेली ती हौसेने गेली नव्हती. म्हातारी राहिली ती हौसेने राहिली नव्हती. मी आपली निघताना आईला पुन्हा म्हटलं, चल. ती म्हणाली, बघू.

माघात आई पडली.

दुपारी न्हाणीपाशी पाय घसरला आणि ती अंगणात पडली, ती उठलीच नाही. मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलं होतं. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन आले तेव्हा त्यांना ती दिसली. थंडीने ओठ काळेनिळे झालेले, अंगावर शेळीच्या खालचं पोतं ओढून घेतलेलं. नानांनी फोन केला, कर्जतहून गाडी आली, आणि दुपारपर्यंत मी नगरच्या दवाखान्यात तिच्या खाटेजवळ होते. नाना बरोबर आले होते. कोपऱ्यात टोपी हातात धरून उभे होते आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते, ‘तिनं ओ दिल्ती की.’

मला वाटलं म्हातारा भ्रमला. मग हळूहळू कळलं. आई दुपारी पडली आणि संध्याकाळी हाळी आली. नानांनी तीनदा विचारलं, ‘हाय का?’ आणि अंगणात मोडक्या हाडाने पडलेल्या माझ्या आईने खाकरून म्हटलं, ‘ओऽऽ, हाय हाय!’ एवढंच नाही. काकूच्या ओट्यावर जाता येईना, म्हणून तिने होती नव्हती ती सगळी ताकद लावून जमिनीवरूनच काकूची ओ दिली आणि ओढ्याकडे हाळी टाकली. ती तिकडे पोचलीसुद्धा. नाना म्हणाले, ‘आवाज जरा खालनं आल्यावानी वाटला. पन ओ बराबर हुती.’

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली, दोन घोट पाणी प्यायली, तशी मी तिला विचारलं. थांबायला हवं होतं, पण माझ्याच्याने थांबवेना. ‘ओढ्यापर्यंत आवाज गेला म्हणजे एवढा जीव होता ना अंगात? मग पडले म्हणून का नाही ओरडलीस?’

‘हाळीत दुसरं बोलत न्हाईत,’ ती म्हणाली. ‘फुडं म्हातारी खोळंबली हुती.’

‘आणि हाळी होऊन गेल्यावर?’

‘मंग कोन ऐकतंय? समदी दारं लावून घेत्यात.’

मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडले. तिथे एक बाई फरशी पुसत होती. ती म्हणाली, ‘ताई, पाय वर घ्या,’ आणि मी पाय वर घेऊन रडले.

आता बघू वगैरे काही उरलंच नव्हतं. भाऊ फडातून एक दिवस येऊन गेला. उलट्या कोयत्याने कोणी मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. तो म्हणाला, ‘आक्का, मुकादमाकडनं आगाव पैसं घेतल्यात. मी हंगाम सोडून आलो तर त्यो मला सोडंल का?’ आणि आईला ठेवून घ्या म्हणत माझ्या नवऱ्याच्या पाया पडला. नवरा भला माणूस, त्याने भावाला जवळ घेतलं. आईने ते खाटेवरून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. अशा रीतीने आई लेकीच्या दारात आली. आमचं दार तिसऱ्या मजल्यावर आहे.

सावेडीत आईला सगळं मिळालं. कमोडची खुर्ची, वॉकर, खिडकीतून ऊन. आम्ही दोघं कामावर जातो म्हणून दिवसभरासाठी एक बाई ठेवली. ही बाई आईला प्रेमाने भरवायची. एकदा सहज विचारलं तेव्हा कळलं, तिची स्वतःची सासू घरी एकटी असते आणि ही तिला आत ठेवून बाहेरून कडी घालून येते. मग मी आजूबाजूला जरा नीट बघायला लागले. आमच्या सोसायटीतही फ्लॅटमागे फ्लॅट म्हातारेच आहेत. पोरं पुण्याला, बंगळूरला, काही तर परदेशात. दारं लोखंडी, त्यांना आतून साखळ्या, आत टीव्ही चालू. गावात मला घड्याळाची भीती वाटायची, इथे त्या टीव्हीची वाटायला लागली. फरक एवढाच की इथे दिवस मावळताना कोणी कोणाला विचारत नाही.

आई शहाण्यासारखी राहायची. तक्रार नाही, हट्ट नाही. मी हाक मारली की ओ द्यायची, खाकरून, लांबण लावून. पण उजेड कमी व्हायला लागला की तिचं चित्त उडायचं. वॉकर धरून दाराशी जायची, बंद दाराला कान लावून उभी राहायची. मी म्हणायचे, ‘बस गं.’ ती म्हणायची, ‘आपल्या दाराला काय झालं आसंल? वड्याकडची म्हातारी बसली आसंल वाट बगत.’

शेवटी तिची वाकळ आणायचं निमित्त काढून मी गावाला गेले. दुसऱ्या पांघरुणात तिला झोप लागत नव्हती. शनिवारची शाळा करून निघाले, पोचायला संध्याकाळ झाली. शेळी नानांनी त्यांच्या दारात नेली होती. आमच्या घराच्या कुलपालाही कोणीतरी प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ती सोडून कुलूप काढलं. दार उघडलं, आत गेले, वीज नव्हती. मोबाईलच्या उजेडात आतल्या खोलीतली पेटी उघडली आणि वाकळ बाहेर काढली. तिला आईचा वास होता.

तेवढ्यात हाळी सुरू झाली. देवळाकडून निघून ती जवळ आली. पूर्वीपेक्षा मधल्या शांतता लांबल्या होत्या. मग नानांचा आवाज आमच्या घरावर आला. ‘हाय का?’ मी पेटीपाशी तशीच बसून राहिले. ‘हाय का?’ मला वाटलं आपण बोलावं. घरात तर मीच होते. पण काय बोलायचं, कोण म्हणून बोलायचं? ‘हाय का?’

मग शांतता. त्या शांततेत काठीची टकटक अंगणात आली आणि ओट्यावर थांबली. कोणीतरी खाकरलं. आणि अर्ध्या उघड्या दाराच्या पलीकडे, माझ्यापासून चार पावलांवर, माझी आई म्हणाली, ‘ओऽऽ, हाय हाय!’

माझं मलाच कळलं नाही, पण मी आतून ओरडले, ‘आई!’ सकाळी मी तिला स्वतः नाश्ता देऊन निघाले होते. ती तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसलेली होती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी ओरडले.

दार ढकलून बाहेर आले तर ओट्यावर नाना. वयाने त्यांचा आवाज बारीक झाला होता, बाईसारखा. ते माझ्याकडे बघून दचकले नाहीत, नुसता हात वर करून म्हणाले, ‘थांब जरा, फुडं द्यायचीय.’ मग आमच्या ओट्यावरून आईच्या आवाजात काकूच्या घराला तीनदा विचारलं, टकटक करत तिकडे गेले आणि काकू होऊन म्हणाले, ‘ओ गं बाई, हाय. कुटं जातीय मी!’ ओढ्याकडून ओ आली तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले.

मला संताप आला होता. मी म्हटलं, ‘नाना, माझी आई जिवंत आहे! मेलेल्यांच्या रांगेत कशाला बसवता तिला?’

‘जित्ती हाय म्हनूनच हाय म्हनलो की. न्हाई थोडंच म्हनलो?’

‘पण ती इथे नाही!’

नाना ओट्यावर टेकले. ‘पोरी,’ ते म्हणाले, ‘इतं कोन हाय, कोन न्हाई, ते बगत बसलो तर हाळी कुनाला द्यायची?’

रात्री मी तिथेच राहिले, दुसऱ्या दिवशी वाकळ घेऊन परतले. आईने वाकळ मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच. ‘सांजच्याला आपल्या दारातनं कोन बोललं?’

खोटं बोलायचं मी गाडीत ठरवलं होतं, पण तिच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. ‘नाना.’

‘माज्यावानी?’

‘अगदी तुझ्यासारखं. आधी खाकरले आणि मग.’

मला वाटलं तिला वाईट वाटेल. पण तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं, जे ती पडल्यापासून मी पाहिलं नव्हतं. ‘मंग झालं,’ ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली, वाकळ घेऊन गाढ झोपली. दिवेलागणीला दाराशी जायचं त्या दिवसापासून बंद झालं. नवरा म्हणाला, बघ, रमल्या आई. मीही तसंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून मी हाक मारली, ‘आई, चहा घेतेस का?’ उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. हातातलं पातेलं तसंच टाकून मी पळत गेले. ती खिडकीपाशी बसलेली, डोळे उघडे, चांगली जागी. मला बघून म्हणाली, ‘काय गं?’ मी म्हटलं ऐकू आलं नसेल. पण पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा. समोर जाऊन बोललं की बोलते, हसते, औषध घेते. हाक मारली की ओ देत नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानाने कान उत्तम आहेत.

परवा मी तिच्यापुढे बसले आणि स्पष्ट विचारलं, ‘आई, मी हाक मारते ती ऐकू येते ना?’

‘येती की.’

‘मग ओ का देत नाहीस? माझा जीव जातो गं दर वेळी.’

तिने माझ्या गालाला हात लावला. ‘माज्या दारातनं माजी ओ जातीय रोज. एका मानसाची ओ दोन दारातनं द्यायची नसती, बाई.’

मी तिला इथे आणली, तिची काठी आणली, वाकळ आणली, तिच्याशी भांडभांडून आणली. अजूनही सवयीने हाक तोंडातून निघते, आणि मग मी हात पुसत तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते. ती जागीच असते. कुलूप लावलेल्या घरापुढे कोणी परका हाका मारत उभा असला, तर गल्लीतली माणसं त्याच्याकडे बघतात तशी ती माझ्याकडे बघते, कीव करत.